कोरडं पेट्रोल

आमच्या घरात माणसांपेक्षा इंजिनांची तब्येत जास्त विचारली जायची. मला ताप आला तर अप्पा दारातूनच "पोरगी जेवली का?" एवढं विचारून पुढं जायचे, पण रस्त्यावरून जाणारी एखादी मोटरसायकल खोकली तर हातातला घास ताटात ठेवून उठायचे. कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या पाठीला पाठ लावून घर. मधे एकच भिंत. मायच्या भाकरी थापण्याचा आवाज गॅरेजात ऐकू जाई आणि अप्पांच्या हातोडीनं आमच्या फळीवरचे पितळी डबे थरथरत. मायचं म्हणणं असं, की या घरातल्या पिठल्यालासुद्धा ग्रीसचा वास येतो. मला तो कधी जाणवला नाही. लग्न करून दुसऱ्या घरी गेले आणि पहिल्या दिवशी तिथलं पिठलं खाल्लं, तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं मात्र वाटलं. आता मी लेकीकडे राहते. तिच्याकडे बॅटरीवर चालणारी स्कूटर आहे. ती कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही. जे वाहन आजारी पडल्यावर कण्हत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही. हे मी लेकीला रोज सांगते आणि ती रोज ऐकून घेते.

गॅरेज अप्पांचं होतं, पण हात हमीदचाचांचे होते. अप्पा बोलके; गिऱ्हाईक, ट्रकवाले, पोलीस, सगळ्यांना तेच सांभाळायचे. चाचा दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलत. मोठ्या पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. मग डोळे उघडून सांगायचे, "बेरिंग गेली." खोललं की बेरिंगच गेलेली असायची. वीस-बावीस वर्षं त्या दोघांनी एका तव्यावरची भाकरी खाल्ली. चाचांची कपबशी वेगळी होती, हे लपवून काय करू. ती कोनाड्यात असायची आणि चहा झाला की चाचा ती स्वतः विसळून परत तिथंच ठेवायचे. पण गजूदादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, सायकलच्या नळीवर बसवून पहिल्यांदा शाळेत नेलं ते चाचांनी, आणि मला मोटरसायकलचा क्लच शिकवला तोही चाचांनीच. अप्पांना शिकवणं जमायचं नाही. दुसऱ्या वाक्यालाच त्यांचा पारा चढायचा.

होळी झाली, गहू-हरभरा घरात आला, की आमच्याकडे जत्रांचा मोसम सुरू होतो. जत्रेत कुस्त्या असायच्या, बैलांचा शंकरपट असायचा, आणि माझ्या तरुणपणी आसपासच्या चार-पाच गावांनी मोटरसायकलींच्या शर्यती सुरू केल्या होत्या. उन्हाळ्यानं आटलेल्या तळ्याच्या पोटात चुन्याची रेघ मारायची, कडेला बाभळीच्या फांद्या रोवायच्या आणि सात-आठ गाड्या एकदम सोडायच्या. धुरळ्यात कोण पुढं, कोण मागं, हे आवाजावरूनच ओळखायचं. गजूदादा आमचा शर्यतीचा गडी. तो पडायचा, उठायचा, जिंकायचाही, पण मोसम संपेपर्यंत आमचं इंजिन काही टिकत नसे. कधी रिंग तुटायची, कधी क्रँक बोंबलायचा. शेवटच्या जत्रेला दादा काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायचा आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलायचा नाही.

त्या साली अप्पांनी नवं कोरं इंजिन मागवलं. गाडी जुनीच, पोटातलं इंजिन तेवढं नवं. ते लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून, एसटीच्या टपावरून आलं, आणि मायनं त्याला नव्या सुनेसारखं उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पांना ते लगेच गाडीत बसवायचं होतं. चाचा म्हणाले, आधी खोलू. नवं इंजिन रस्त्यासाठी बनवलेलं असतं, शर्यतीला ते जास्त तापणार, तेव्हा पिस्टनला थोडी जास्त जागा करून द्यायला हवी. अप्पांच्या अंगावर काटा आला. "अरे, सील बंद माल हाय! नवी वस्तू कुनी खोलते का?" दोन दिवस त्यांची धुसफूस चालली. शेवटी चाचांनी खोललं, दोन दिवस पिस्टन आणि सिलिंडर घासूनपुसून पाहिले, आणि परत जोडलं. अप्पा सगळ्या नाक्याला सांगत फिरले, की हमीदनं नवं इंजिन खोललं. त्या वेळी ते कौतुकानं सांगत होते.

नवं इंजिन आधी मुरवावं लागतं. पहिले पाचशे किलोमीटर मूठ पिळायची नाही, काटा चाळिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही, मधेमधे थांबून थंड होऊ द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण नाक्यावरच्या तरुण पोरांत असा एकही निघाला नाही, ज्याला नव्या इंजिनावर बसून चाळिसानं जाता येईल. गजूदादाला तर तो स्वतःचा अपमान वाटायचा. तिसऱ्या दिवशी चाचा वैतागून अप्पांना म्हणाले, "शकूला बसवा. तिचा हात थंड हाय." मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. अप्पांनी एकदा मायकडे पाहिलं. मायनं अट घातली: डांबरी रस्त्यावर जायचं नाही, तळ्यातच फिरवायची, डोक्याला रुमाल बांधायचा आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. मी कुठलीही अट मान्य केली असती.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, आणि हे मी आता, इतकं सगळं झाल्यावरही, म्हणते. तांबडं फुटताना तळ्यात कुणी नसायचं. भेगाळलेली जमीन, कडेला टिटवीची ओरड, आणि माझ्या मांड्यांमध्ये ते नवं इंजिन. पहिल्या दिवशी त्याचा आवाज आखडलेला होता, परक्या घरी आलेल्या माणसाचा असतो तसा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मोकळा व्हायला लागला. मी परत आले की चाचा विचारायचे, "काय म्हनते?" मी सांगायची, उतारावर मूठ सोडली की किणकिणते, तापल्यावर दुसरा गिअर अडतो. ते मान हलवायचे, एखादा स्क्रू पाव आटा फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी किणकिण बंद झालेली असायची. माझं कुणीतरी इतक्या गंभीरपणे ऐकून घेतं, याचं मला फार अप्रूप होतं. घरी मी कढीत मीठ कमी पडलंय म्हटलं तरी कुणी ऐकत नसे.

आता मायच्या नियमाबद्दल सांगायला हवं. तो अप्पांच्या सगळ्या इंजिनांपेक्षा जुना होता. शनिवारी तेल विकत आणायचं नाही. आणलं तर साडेसाती मागं लागते. हा नियम काही आमच्याच घरचा नव्हता. अजूनही कितीतरी घरांत तो आहे. पण इंजिनाचं ऑइल हे तेल की नाही, हा प्रश्न फक्त आमच्या घरात निघाला होता. अप्पा म्हणायचे, "अवं, ते खायचं तेल थोडंच हाय?" माय म्हणायची, "तेल ते तेल. शनीला काय वास घेऊन कळते का?" अप्पांनी इंजिनांशी आयुष्यभर झगडा केला, मायशी नाही. त्या काळच्या त्या गाड्यांना ऑइल वेगळं घालायची सोय नव्हती, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं. पंपावरचा नारायण छोट्या मापानं ऑइल ओतायचा आणि वर पेट्रोल सोडायचा. ते पेट्रोलबरोबर आत जायचं, पिस्टनला वंगण द्यायचं आणि निळा धूर होऊन बाहेर पडायचं. नुसतं पेट्रोल घातलं तरी गाडी सुरू होते, पळतेसुद्धा, आणि मग पिस्टन तापून जागीच चिकटतो. म्हणून अप्पा शुक्रवारीच मिसळलेल्या पेट्रोलचा एक डबा भरून ठेवायचे, आणि शिवाय ऑइलची एक बाटली खिडकीत असायची. शनिवार त्यावर निघायचा.

त्या शुक्रवारी एका ओळखीच्या मास्तरांची स्कूटर नाक्यावर बंद पडली आणि अप्पांनी उदार मनानं तो डबा त्यांच्या टाकीत रिकामा केला. शनिवारी सकाळी गाडी माझ्याकडून दादाकडे जाणार होती. मुरवणं संपलं, आता पूर्ण वेगानं पळवून बघायची, आणि पुढच्या आठवड्यात पहिली जत्रा. अंगणात सकाळपासून माणसं जमली होती. अप्पांनी माझ्या हातात रिकामा डबा दिला. "पळ, भरून आन." बस, एवढंच म्हणाले. त्यांच्या लेखी भरून आणणं म्हणजे नेहमीसारखं, ऑइल मिसळून; त्या गडबडीत वार त्यांच्या ध्यानात नव्हता. पंपावर नारायणनं माप हातात घेऊन विचारलं, "टाकू ना ऑइल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, आज शनिवार हाय." मी विचार करून बोललेच नाही. कुणी समोर आलं की पदर सावरतो, तितक्या सहज ते निघालं. नारायणनंही पुढं काही विचारलं नाही. त्याच्या घरीही शनिवारी तेल येत नव्हतं. मनात असं होतं, की घरी खिडकीत बाटली आहेच, अप्पा घालतील.

मी डबा घेऊन आले तेव्हा दादा गाडीवर बसलेला होता. माझ्या गाडीवर. त्यानं माझ्या हातातून डबा घेतला, टाकीत ओतला, आणि "सरक बाजूला" म्हणाला. तो काही वाईट बोलला नाही. मोठे भाऊ असंच बोलतात. पण दहा-बारा दिवस ज्या इंजिनाचं किणकिणणं मी सांभाळलं, त्याच्यापासून मला सरक म्हणणं मला फार लागलं. मी रुसून तळ्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. बाटलीची आठवण माझ्या डोक्यातून साफ गेली. गेली, की रागाच्या भरात मी ती जाऊ दिली? हे मी स्वतःला चाळीस वर्षं विचारते आहे. मला वाटतं गेलीच. पण मी शपथ घेणार नाही.

दादानं पहिली फेरी हळू काढली, दुसरी जोरात. तिसऱ्या फेरीला त्यानं मूठ पूर्ण पिळली आणि काठावरच्या लोकांच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. आमची कुठलीच गाडी कधी अशी पळाली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "काय साफ चालून राहिलं इंजिन! धुराचा पत्ता न्हाई." अप्पांची मान ताठ झाली. "नवं हाय, बापा," ते म्हणाले. माझ्याशेजारी उकिडवे बसलेले हमीदचाचा उठून उभे राहिले. "धूर काहून न्हाई?" ते म्हणाले, कुणाला असं नाही. मग एकदम ते तळ्यात उतरून धावत सुटले, दोन्ही हात वर करून, "गजू! बंद कर! बंद कर!" असं ओरडत. चाचांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. लोक हसले. मीही हसले.

आवाज कमी झाला नाही, तो तुटला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी झाली आणि दादा तिच्या पुढं फेकला गेला. धुरळा उडाला आणि काही दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा दादा उताणा पडलेला होता आणि त्याचा उजवा पाय जिथं वळायला नको तिथं वळलेला होता. तो ओरडत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. चाचा सगळ्यांआधी पोचले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून दादाचा पाय बांधला. ढाब्यावरची जीप आली, अप्पा दादाला घेऊन हिंगोलीला गेले, तिथून नांदेडला. मी अंगणात परत आले. रिकामा डबा तिथंच आडवा पडला होता. मी तो उचलला, तळाशी थोडं पेट्रोल होतं, ते बोटाला लागलं. ते क्षणात उडून गेलं आणि बोट कोरडं झालं. ऑइल असतं तर बोट चिकट राहिलं असतं. खिडकीत बाटली होती, तिचं बूच तसंच बंद. पंपावर मी काय बोलले ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. मी तिथंच खाली बसले. 

दुसऱ्या दिवशी अप्पा नांदेडहून आले, गाडी ओट्यावर घेतली आणि स्वतः इंजिन खोललं. नाक्यावरचे वीस-पंचवीस जण भोवती उभे. पिस्टन बाहेर आला तो मांजरानं ओरबाडल्यासारखा. अप्पांनी तो चाचांच्या पुढ्यात टाकला. "सील बंद माल व्हता, हमीद. काहून खोललास?" चाचा म्हणाले, "माझं काम बराबर हाय." त्यांनी टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, आणि ते बोट अप्पांपुढं धरलं. "पेट्रोल कोरडं हाय. ऑइल न्हाई यात."  मग अप्पा माझ्याकडे वळले. "शके, पेट्रोल ऑइल टाकून आनलं व्हतं का?"

माय आतल्या दारात उभी होती. तिनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, तोंड सुजलेलं होतं. मी खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न "काहून न्हाई टाकलं?" हाच होता, आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी जाऊन थांबलं असतं. लेकाचा पाय मायच्या नियमानं मोडला, असं पंचवीस जणांसमोर ठरलं असतं. मी तिला वाचवायला खोटं बोलले, असं मला म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर मी भ्याले होते. मायचा विचार मनात आला असेल, पण भीती आधी आली.

"व्हय," मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. जणू त्यांनी पेचकस कानाला लावला होता आणि ओळखीच्या इंजिनातून त्यांना भलताच आवाज आला होता. ते अप्पांना म्हणाले, "नारायणला विचारा." त्यावर अप्पांचा तोल गेला. "माझ्या पोरीला खोटी पाडतूस? कालच धावत सुटला व्हतास तू, पडायच्या आधी. तुला म्हाईत व्हतं!" मागून कुणीतरी "चोराच्या मनात चांदणं" म्हणालं आणि पुष्कळ माना हलल्या. अप्पांनी चाचांची हत्यारांची पिशवी उचलून रस्त्यावर फेकली. पान्हे डांबरावर खणखणत गेले. एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलं. चाचांनी एकेक पान्हा गोळा केला, पिशवीत ठेवला, आणि वाशीमच्या दिशेनं चालायला लागले. त्यांचं घर हिंगोलीच्या बाजूला होतं. बरंच पुढं गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण थोड्या वेळानं ते पुन्हा आमच्या दारावरूनच उलट गेले, मान खाली घालून. 

दादाचा पाय जुळला, पण आखूड राहिला. तो वर्षभर अंगणात खाटेवर बसून हमीदचाचांना शिव्या द्यायचा. घरात चाचांचं नाव निघालं की माय भाकरी थापायचा आवाज वाढवायची. अप्पा एकटेच काम करायचे, आणि काम बरोबर व्हायचं नाही. अर्धी गिऱ्हाइकं परत यायची. मी जेवायची, झोपायची, हसायचीसुद्धा. खोटं पचतं, हे कुणी सांगत नाही. काही महिन्यांनी मला असं वाटायला लागलं, की कदाचित पिस्टनचीही थोडी चूक असेल.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी वसमतच्या मावशीनं मला बोलावलं, एक स्थळ बघायला येणार होतं म्हणून. बाजारात हळदीचा हंगाम होता. मावशीबरोबर चालले असताना एका शेडमध्ये हळद पॉलिशचा ड्रम फिरताना दिसला आणि त्याच्याशेजारी पोत्यावर हमीदचाचा बसलेले. अंगभर पिवळी धूळ. ज्या हातांवर मी काळ्याशिवाय दुसरा रंग पाहिला नव्हता ते हात मनगटापर्यंत पिवळे. इंजिनाचा मिस्त्री ड्रममध्ये हळद लोटत होता. मी मावशीला पुढं पाठवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. घशात नुसती धूळ गेली.

"चाचा, मी ऑइल न्हाई टाकलं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. मला माफ करा."

त्यांनी ड्रम बंद केला. "मला काहून सांगून राहिली?" ते म्हणाले. "मला तर म्हाईतच व्हतं." मग ते बोलले, दहापेक्षा कितीतरी जास्त वाक्यं. नाक्यापासून हिंगोलीपर्यंत कुणी त्यांच्या हाती इंजिन देईना. ज्यांच्या गाड्या त्यांनी वीस वर्षं सांभाळल्या ते त्यांना पाहून दुसरीकडे वळायचे. बायको माहेरी राहिली चार महिने. वसमतला एका नातेवाइकानं हे काम दिलं. आणि मग ते म्हणाले, "तुझ्या अप्पालाबी म्हाईत हाय. माझी पिशवी फेकली त्याच सांजंला पंपावर गेला व्हता तो. नारायणनं सांगितलं त्याला सगळं. नारायणनंच मला सांगितलं."

मी हादरले. एक वर्ष मी अप्पांपासून ते लपवत होते, त्यांच्यासमोर ताट ठेवून लगेच आत वळत होते, आणि अप्पांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते माझ्याकडे पाहून जेवत होते. दादा शिव्या द्यायचा तेव्हा मान हलवत होते.

"मंग ते बोलले काहून न्हाईत?" मी विचारलं.

"एवढ्या लोकांत पिशवी फेकल्यावर कसं बोलनार? अन् पोरीचं लग्न व्हायचं हाय." चाचांनी तोंडावरची धूळ झटकली. "माफी माझ्यापाशी मागू नको, बेटा. जिथं बोललीस, तिथं जाऊन बोल." आणि त्यांनी ड्रम पुन्हा सुरू केला. स्थळ आलं, मला पाहून गेलं, त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, यातलं काहीही मला आठवत नाही.

होळीनंतर अप्पांनी पुन्हा एक इंजिन बसवलं. दादाला आता शर्यत पळवता येणार नव्हती, दुसरा एक गडी ठरला होता, पण दादा सगळीकडे पुढं पुढं करत होता. सकाळची वेळ, ओट्यावर नारळ फोडला, गाडी सुरू झाली, तीच सगळी माणसं जमलेली. मुरवायला मला बसायला सांगितलं होतं. दादा खाटेवरून मोठ्यानं म्हणाला, "या बारीला इंजिनाला हमीदचा हात न्हाई लागला. मंग भ्यायचं काय काम?" सगळे हसले. अप्पाही हसले. ते हसू मी पाहिलं आणि माझं तोंड उघडलं.

"मागच्या साली पेट्रोल मी कोरडं आनलं," मी म्हणाले. आवाज चिरकत होता, तरी मी थांबले नाही. "शनिवार व्हता म्हणून ऑइल घेतलं न्हाई, अन् इथं उभी राहून खोटं बोलले. इंजिन चाचांनी न्हाई घालवलं. मी घालवलं."

आतून मायचा आवाज आला, "शके, गप!" तो दटावण्याचा नव्हता, विनवणीचा होता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "येडी झाली काय पोरगी?" अप्पा खाली बघून पायानं नारळाच्या करवंट्या गोळा करत होते. दादाच्या चेहऱ्यावर आधीचं हसू अजून होतं, ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग अप्पांकडे. "अप्पा?"

अप्पांनी शेवटची करवंटी पायानं बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हाईत व्हतं मला." एवढंच, आणि ते तिथंच ओट्याच्या कडेला बसले.  मला वाटलं होतं, खरं बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. सगळ्यांना धक्का बसला होता, आणि सगळ्यांत जास्त दादाला. तो खाटेवरून उठायला गेला, आखूड पाय नीट टेकला नाही, म्हणून पुन्हा बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नांदेडला आले व्हते चाचा," तो म्हणाला. तो फक्त माझ्याशी बोलत होता. "माझा पाय टांगलेला व्हता. मोसंब्या घेऊन आले व्हते. मी त्यांच्या तोंडावर थुंकलो, शके. सगळा वार्ड पाहून राहिला व्हता. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, मोसंब्या खाटंखाली ठेवल्या अन् निघून गेले."

वसमतला त्या शेडमध्ये चाचांनी मला सगळं सांगितलं होतं, कोणी काम दिलं नाही, कोणी तोंड फिरवलं, बायको किती महिने माहेरी राहिली. हे तेवढं सांगितलं नव्हतं.